हळदीची बोटे आणि शेंगेनचा व्हिसा

या प्रवासाची आठवण निघाली की मला आधी मुंबईतील व्हिसा अर्ज केंद्रातली एक अरुंद खोली दिसते. भिंतीला लागून ठेवलेले एक यंत्र, त्याची हिरवट उजेडाची काच, आणि त्या काचेवर उजव्या हाताची चार बोटे टेकवून उभी असलेली माझी आई. जर्मनी त्यानंतर येते.

धाकट्या बहिणीचे बाळंतपण २०२५ च्या जुलैमध्ये, तिसऱ्या आठवड्यात, श्टुटगार्टला व्हायचे होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आमच्याकडची रीत आहे, आणि लेक येऊ शकत नसेल तर माहेराने तिच्याकडे गेले पाहिजे, हे आईने आम्हा कोणाला न विचारता ठरवून टाकले होते. वडील गेल्यापासून वसमत तालुक्यातल्या गावी चार एकर शेती तीच पाहते. एक एकरात हळद आणि उरलेल्या रानात सोयाबीन व तूर. त्यामुळे प्रवासाच्या तारखा विमानाच्या भाड्यावरून ठरल्या नाहीत, पिकांवरून ठरल्या. मृगाच्या पावसावर पेरणी व्हावी, पहिली खुरपणी उरकावी, मग निघावे आणि सोयाबीन काढणीच्या आत घरी परतावे, असा तिचा हिशेब होता. ८ जुलै ते २६ सप्टेंबर असे ८१ दिवस निघाले. जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा दिवसही धरला जातो, म्हणून मी ते दिवस बोटांवर तीनदा मोजले.

मी परभणीत नोकरी करतो आणि तिला पोहोचवून बारा दिवसांनी परतणार होतो. माझी कागदपत्रे एका दुपारी तयार झाली. पगाराच्या पावत्या, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचा खातेउतारा आणि कार्यालयाचे रजेचे पत्र एवढ्यावर माझे काम भागले. आईच्या कागदांना मात्र पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत माझ्या लक्षात आले की व्हिसाचा अर्ज हा महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे.

पहिला अडसर व्यवसायाच्या रकान्यात आला. ज्या मध्यस्थाकडे मी अर्ज तपासून घ्यायला गेलो होतो, त्याने आईच्या नावापुढे सरळ ‘गृहिणी’ असे लिहिले होते आणि ‘हेच सोपे पडते’ असे तो मला समजावू लागला. मी ते खोडायला लावले. ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे, जी बियाणे स्वतः निवडते, गड्यांचा हिशेब स्वतः ठेवते आणि मोंढ्यात आडत्यासमोर बसून भाव ऐकते, तिला गृहिणी म्हणणे खोटे तर होतेच, शिवाय तिच्या हिताचेही नव्हते. अर्जदार मुदतीत मायदेशी परतेल की नाही याविषयीची शंका हे व्हिसा नाकारण्याचे एक छापील कारण असते. नोकरदाराला मालकाचे पत्र जोडता येते. आईला परत बोलावणारी गोष्ट म्हणजे ते चार एकर होते, आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतकरी’ हा शब्द आल्याशिवाय तो पुरावा उभा राहणार नव्हता.

दुसरा प्रश्न पैशांचा. बहिणीने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून २९ युरो भरून हमीपत्र काढले होते. आईच्या राहण्याचा, जेवणाखाण्याचा आणि गरज पडल्यास उपचारांचा खर्च आपण करू, असे त्यात ती सरकारला लिहून देते. तरीही मी आईचा खातेउतारा जोडला, आणि तो पाहून मध्यस्थाने कपाळाला आठ्या घातल्या. हिवाळाभर त्या खात्यात जेमतेम काही हजार रुपये आणि पीएम किसानचे दोन हजारांचे हप्ते होते, आणि एप्रिलमध्ये एकाच दिवशी तोवर विकलेल्या हळदीचे सगळे पैसे जमा झाले होते. अर्जाच्या तोंडावर एवढी रक्कम आली की ती दाखवण्यापुरती उसनी आणली असावी असा संशय घेतात, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण हळदीचा पैसा वर्षातून एकदाच येतो, तो दरमहा कसा दाखवायचा? शेवटी मोंढ्यातली आडत पट्टी, सातबारा आणि आठ-अ हे सगळे इंग्रजीत भाषांतरित करून घेतले. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, हे वेगळ्या पत्रात लिहिले. त्याच पत्रात हळद कधी निघते, सोयाबीन कधी काढतात आणि ऑक्टोबरमध्ये या बाईंना शेतात असणे का भाग आहे, हेही लिहिले. इतकी वर्षे मी तिच्या शेतीविषयी एवढे सविस्तर कधी लिहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर कधी विचारलेही नव्हते.

भाषांतरकार ‘भ्र.’ या अक्षरापाशी अडला. सातबाऱ्यावर आईचे नाव, मग ‘भ्र.’ आणि मग वडिलांचे नाव आहे. पासपोर्टवर ते ‘भ्र.’ नाही. भ्र. म्हणजे भ्रतार, म्हणजे नवरा, हे त्या पुण्याच्या तरुणाला फोनवर सांगावे लागले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघाला होता. त्यातल्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा खर्च आला. जन्मतारखेचा प्रश्न मात्र आला नाही, कारण शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे १ जूनच आहे. गुरुजींनी तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तीच तारीख दिली होती. आई पोळ्याच्या आसपास जन्मली, असे आजी सांगत असे.

आता त्या खोलीकडे येतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ मिळाली तेव्हा मी इतका आनंदलो होतो की आईला न विचारता ती नक्की करून टाकली. त्याच आठवड्यात आमच्याकडे उशिरा काढलेल्या हळदीची शेवटची खेप शिजवून वाळत पडली होती, आणि जेठे गड्डे एकीकडे व हळकुंडे एकीकडे मोडून वेगळी करण्याचे काम आई बायकांबरोबर बसून करत होती. तिथून मी तिला उठवून परभणीला आणले आणि रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही निघालो. सकाळी मुंबईला उतरून केंद्रावर पोहोचलो, रांगेत उभे राहिलो, खिडकीवर कागद तपासले गेले, प्रत्येकी ९० युरोंचे रुपये आणि वर सेवाशुल्क भरले, आणि आई ज्येष्ठ नागरिक असल्यामुळे मला तिच्याबरोबर बोटांच्या ठशांच्या खोलीत जाऊ दिले.

आधी डाव्या हाताची चार बोटे, मग उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे, असा क्रम असतो. माझे दोन मिनिटांत झाले. आईच्या डाव्या हाताचे तिसऱ्या खेपेला उमटले. उजव्या हाताचे उमटेचनात. पडद्यावर चार राखाडी डाग यायचे, खाली लाल पट्टी यायची आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. समोरची मुलगी आधी हिंदीत ‘जोर से दबाइए’ म्हणत होती. आईने इतका जोर लावला की तिची नखे पांढरी पडली. मी जवळ जाऊन तिची बोटे पाहिली. पेरांच्या भेगांत हळद बसलेली होती, धुऊनही न गेलेली, आणि तर्जनीच्या टोकाची कातडी खुरप्याच्या मुठीसारखी गुळगुळीत झाली होती. त्यावर रेषा जवळजवळ नव्हत्याच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची खुरपणी, कापूस वेचणी आणि हळद तिथे होती, आणि यंत्र त्याला ‘ठसा अस्पष्ट’ म्हणत होते.

सातव्या-आठव्या खेपेनंतर त्या मुलीने सांगितले की जमले नाही तर पुन्हा दुसऱ्या दिवसाची वेळ घ्यावी लागेल. मला तेव्हा राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. कागदांच्या यादीत छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचे हवे, पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पाने कोरी हवीत, विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, हे सगळे बारकाईने लिहिलेले असते. ज्यांची बोटे कामाने झिजली आहेत त्यांनी काय करावे, याबद्दल मला मिळालेल्या यादीत एक ओळही नव्हती. बारा वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे आणि ज्यांचे ठसे घेणे शारीरिकदृष्ट्या अशक्य आहे त्यांनाही नियमात सूट आहे. पण झिजलेली बोटे अशक्यात मोडतात की फक्त अवघड म्हणून पुन्हा बोलावण्यात, हे त्या खोलीत कोणी सांगू शकत नव्हते.

आई माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, “कामून चिडतूस? रेशनच्या मशिनीवर बी असंच होतंय माझं.” मग त्या मुलीला म्हणाली, “थांब माय, दम धर जरा.” तिने पदराने बोटे कोरडी केली आणि एकेक बोट कपाळावरून, भांगाजवळून, तेल लावलेल्या केसांच्या कडेने सावकाश फिरवले. रेशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा, पीएम किसानच्या केवायसीला लागला नाही तेव्हा, गावातल्या सगळ्या बायका हेच करतात, असे ती मला नंतर सांगणार होती. तेलाने ओलसर झालेली बोटे तिने काचेवर ठेवली. जोर न लावता, नुसती टेकवली. पडद्यावर रेषा उमटल्या, फिक्या पण सलग, आणि पट्टी हिरवी झाली. अंगठ्यांना आणखी दोन खेपा लागल्या. ती मुलगी एव्हाना मराठीत बोलू लागली होती. आईने निघता निघता तिला गाव विचारले, तर ती जालन्याची निघाली.

मराठवाड्यातून कोणी आपल्या आईला किंवा वडिलांना नेत असेल तर मी एवढेच सांगेन की वेळ घेण्याआधी शेतात कोणते काम चालू आहे ते विचारा, आणि निदान आठ-दहा दिवस त्यांच्या हातांना विसावा मिळेल अशी तारीख पाहा. मी ते विचारले नाही. वेळा संपून जातील या भीतीने मी पहिली मिळेल ती तारीख धरली आणि त्याची किंमत तिच्या बोटांनी त्या काचेवर मोजली.

तेरा दिवसांनी पासपोर्ट आला. चिकटवलेल्या कागदावर ९० दिवस लिहिलेले होते.

सामान भरताना आणखी एक गोष्ट मागे राहिली. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून बाळंतिणीसाठी कढवलेल्या तुपाचा डबा मी तिच्या पिशवीतून बाहेर काढला. ताज्या फळांनाही रोग-कीड नसल्याचा, म्हणजे रोपस्वच्छतेचा, दाखला लागतो, पण नारळ त्यातून वगळलेले आहे. ते तिने आनंदाने घेतले. तुपाचे तिला फार वाईट वाटले, आणि तिथे गेल्यावर दुकानातले लोणी कढवून तिने ती कसर भरून काढली.

फ्रँकफर्टला उतरल्यावर तपासणीच्या खिडकीशी पुन्हा बोटे टेकवायची होती. रांग पुढे सरकत असतानाच आईचा हात भांगाकडे गेला. तिथे पहिल्याच खेपेला जुळले. अधिकाऱ्याने कुठे राहणार आणि परतीचे तिकीट आहे का एवढेच विचारले. मी बहिणीचा पत्ता सांगितला आणि त्याने शिक्का मारला. तिथून रेल्वेने श्टुटगार्ट सव्वा तासावर आहे. बाळ वेळेत आणि सुखरूप झाले. शहर टेकड्यांच्या कुशीत, द्राक्षमळ्यांना लागून वसलेले आहे आणि रविवारी इतके शांत असते की आईला पहिल्या रविवारी वाटले, गावात कोणी तरी गेले आहे.

मी बारा दिवसांनी परतलो. ती २६ सप्टेंबरला, व्हीलचेअरची सोय घेऊन, एकटी निघाली आणि तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या रानात होती. त्यानंतर पंधराएक दिवसांनी, १२ ऑक्टोबरपासून, युरोपने सीमेवरचे शिक्के हळूहळू बंद करून संगणकात नोंद ठेवायला सुरुवात केली, म्हणून तिच्या पासपोर्टवरचा निर्गमनाचा शिक्का मला जपून ठेवावासा वाटतो. त्या पानाची छायाप्रत मी फाइलीत सातबाऱ्याच्या वर लावली आहे. दिवाळीत आईने विचारले की पुढच्या खेपेला बोटे पुन्हा द्यावी लागतील का. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, असे मी सांगितले. तिने ते वर्षांत किती होतात ते विचारले, आणि मग नातू तेव्हा केवढा झालेला असेल ते बहिणीला फोन करून सांगितले.