येझ्दी भाचीच्या नावावर

जालना, शनिवार, रात्र

आज गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. सोमवारी कागद आरटीओत जातील. पीयूसी आहे, इन्शुरन्स चालू आहे, आरसीचं नूतनीकरणही झालेलं आहे (15 वर्षं उलटली की दर 5 वर्षांनी गाडी दाखवून ते करावंच लागतं). कागदांचं काम एवढंच. बाकीचं मात्र लिहून ठेवायला हवं, उद्या भाची आली की बोलण्याच्या नादात अर्धं राहून जाईल.

गाडी 1978 सालची येझ्दी 250, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. मला ती घनसावंगीकडच्या एका वाड्याच्या ढाळजेत मिळाली. इंजिन जाम, टाकी गंजलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली, पण इंजिन नंबर आणि चेसी नंबर आरसीशी जुळत होते. जुनी गाडी घेताना मी आधी तेवढंच बघतो. रंग, क्रोम, सायलेन्सर सगळं पुढं करता येतं. नंबर जुळत नसेल तर त्या गाडीपाशी थांबूच नये.

मला एकट्याची सीट असलेली, मागून आखूड, बसकी गाडी हवी होती. जो तो म्हणायचा, मागची चेसी कापा, लई भारी दिसंल. ते मी करणार नव्हतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. चेसीत फेरफार केला की आरसीवर लिहिलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी होते. पण माझ्या मनात कायद्याच्याही आधी दुसरी गोष्ट होती. ही गाडी माझ्या आधी कुणाची तरी होती आणि माझ्यानंतरही कुणाची तरी असणार. मी एकदा कटर लावला की पुढच्याला पर्यायच उरत नाही. जुन्या मोंढ्याकडचे चाचा, ज्यांनी इंजिन बांधलं, त्यांनाही हे पटलं. म्हणाले, "काटो नक्को. बाद में जोडनेवाला कौन मिलता?"

मग सगळं काम बोल्टवर बेतलं. स्प्रिंगची सीट बसवायला पट्टी बनवली, ती मूळच्या भोकांतच बसते. मागचं मडगार्ड पत्र्याचं नवं, आखूड, तेही मूळच्या बोल्टवर. मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश लेथवर नवे काढले. जालन्यात मिलच्या कामावर हात बसलेले टर्नर आहेत, मापाला मागंपुढं होत नाहीत. काढलेला प्रत्येक भाग रॉकेलनं धुऊन, ग्रीस लावून बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांत बांधला आणि माळ्यावर टाकला. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी: कुठला भाग, कुठले बोल्ट, वायसर किती.

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भाचीला पुढं हेच लागणार आहे. सिलिंडर बोअर केला, पिस्टन ओव्हरसाइज टाकला, कनेक्टिंग रॉडचा किट बदलला. गाडी एका किकमध्ये सुरू झाली, पण धूर हटेना. पांढरा, दाट, गल्ली भरून जाईल एवढा. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, ते जास्त झालं असेल म्हणून मोजून घातलं, लिटरला 40 मिली. धूर तसाच. प्लग काढला तर ओला. तेव्हा चाचांनी इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही, गिअर ऑइलची पातळी तपासली. ती उतरलेली होती. क्रँकचं डाव्या बाजूचं ऑइल सील कडक होऊन त्याचा ओठ चिरला होता. खाली येणारा पिस्टन क्रँककेस दाबतो, वर जाताना तीच पोकळी ओढ घेते, आणि त्या ओढीनं क्लचच्या बाजूचं तेच गिअर ऑइल इंजिनात येऊन जळत होतं. वीतभरही नसलेली रबरी कडी. ती बदलल्यावर पुढच्या खेपेला सायलेन्सरमधून फक्त टू-स्ट्रोकला शोभेल तेवढाच निळसर धूर आला, आणि चाचांनी हात पुसून चहा सांगितला. म्हणून बाई, धूर वाढला की कार्ब्युरेटर उघडू नकोस, आधी गिअर ऑइल बघ.

प्लगच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर. एप्रिल-मेमध्ये दुपारी लांब पळवायची नाही. आपल्याकडच्या उन्हात हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन चढाला ताणलं की पिस्टन धरतो, म्हणजे आतच जाम होतो. दिवा 6 व्होल्टचा आहे, रात्री त्याच्यावर विसंबू नकोस.

रविवार

भाची दुपारी आली. मंठ्याकडं कृषी सहायक आहे. शाळेत असताना सुट्टीत इथं यायची तेव्हा माझ्याशेजारी बॅटरी धरून बसायची, फीलर गेजच्या पट्ट्यांनी फट मोजायला तेव्हाच शिकली. किकची आणि गिअरची दांडी एकच, ती आत दाबून मागं फिरवायची, हे तिला सांगावं लागलं नाही. अंबडच्या रस्त्यानं एक फेरी मारून आली, स्टँडवर लावली आणि म्हणाली, "मामा, राग येऊ देऊ नका. मला मूळची लांब सीट बसवायचीय. आईला मागं बसवून राजूरला न्यायचंय."

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. त्या सीटचं चामडं मी स्वतः निवडलं होतं, पट्टीचा बाक जमेपर्यंत ती किती वेळा तोडली होती. एखाद्या संग्राहकाला गाडी दिली असती तर ती सीट आहे तशी राहिली असती. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायला एकानं मागितली होती, पैसेही चांगले देत होता. पण तिथं तिला कुणी किक मारली नसती. ताई आजवर या गाडीवर बसलीच नाही, कारण मी मागं जागाच ठेवली नव्हती.

माळ्यावरून पोती काढली. सीटचा पत्रा शाबूत आहे, गादी नवी भरावी लागेल. मडगार्डला एका कडेला गंज, खरवडून रेड ऑक्साइड मारला की भागेल. भाची पोत्यावरच्या चिठ्ठ्या वाचत एकेक बोल्ट ओळीनं मांडत होती.

2028 साली गाडीला 50 वर्षं होतील. 2021 च्या नियमांप्रमाणं 50 वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्ही ए अक्षरं येतात. चेसी अखंड असल्यामुळं तो रस्ता तिला मोकळा आहे. पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही मी सांगितलं. ती म्हणाली, "मग नको. मला चालवायचीय."

सीट पुढच्या शनिवारी बसवायची ठरली. तोवर गादीवाल्याकडं पत्रा द्यायचा आहे, पुढच्या ब्रेकची केबल बदलायची आहे, आणि मागच्या पायदानांचं पोतं सापडायचं राहिलंय. ते बहुतेक पाण्याच्या टाकीमागं सरकलंय. पायदानं नसतील तर ताईनं पाय ठेवायचे कुठं?