सॅटेलाइटला दिसतं, तरी जहाज अडकतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. जहाजावरून सुट्टीला खानापुरात आलो की पहिल्याच चहाला, मामा, तुम्ही विचारता, "सॅटेलाइटवर सगळं दिसतंय न्हवं, मग जहाज बर्फात अडकतंय कसं रे?"

दिसतं, मामा. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगातून, अंधारातूनही बर्फ टिपतं. पण चित्र टिपलेल्या घडीचं असतं आणि बर्फ वाऱ्यासोबत सरकतो. आर्क्टिकसाठी पोलारिस नावाचं धोका मोजायचं गणित आहे: बर्फाचा प्रकार आणि जहाजाचा आइस क्लास (बर्फात चालायची ताकद) बघून गुण द्यायचे, त्या बर्फाने दहापैकी किती भाग व्यापलाय त्याने गुणायचे, मग बेरीज. उणे आली की धोका. पण तिथंही बर्फाचा नकाशा जुना असला तर बेरीज जुन्या समुद्राचीच येते.

स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखातात आम्ही फिनलंडच्या केमी बंदराला निघालो होतो. मी सेकंड ऑफिसर, रस्ता आखणं माझं काम. आइसब्रेकरवाल्यांनी, म्हणजे बर्फ फोडून वाट काढणाऱ्या जहाजानं, वेपॉइंट (वाटेवरचे ठरलेले बिंदू) दिले होते. सकाळच्या चित्रात मात्र किनाऱ्याच्या बर्फालगत मोकळ्या पाण्याची काळी पट्टी दिसली. १२ मैल वाचत होते. कॅप्टननी विचारलं, "खात्री आहे?" मी हो म्हणालो.

दुपारी चारला वारा फिरला, नैऋत्येकडून येऊ लागला. पट्टी मिटली. वेग ११ नॉट्सवरून ४, मग २, मग शून्य. बर्फाचे थर एकावर एक चढत जहाजाला टेकले. बंकवर पडलो तर घासल्याचा आवाज पाठीला जाणवायचा. आणि आम्ही उभे नव्हतो, बर्फासकट वाहत होतो. चार्टवरची उथळ जागा तासातासाला जवळ येत होती. १७ तासांनी आइसब्रेकर पोचला.

वाऱ्याचा अंदाज मी पाहिला होता. वारा मध्यरात्रीनंतर फिरणार होता. कित्येक वर्षं मी हेच सांगत आलो, की अंदाज चुकला. आता वाटतं, सात-आठ तासांच्या भरवशावर जहाज घालायला नको होतं. पण दिलेल्या वाटेनं आलेलं दुसरं जहाजही त्याच रात्री अडकलं, हेही मनातून जात नाही.

पावसाळ्यात चोर्ल्यानं गोव्याला निघताना तुम्ही आधी कणकुंबीत फोन करता. कालचा फोटो बघून कुणी घाटात गाडी घालत नाही. मला तिथं विचारायला कुणी नव्हतं, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. आइसब्रेकरचा ड्यूटी ऑफिसर व्हीएचएफ रेडिओवर होता. मी विचारलं नाही.