जळगाव-शिरपूर-चोपडा : तीन दिवस, तीन पोकलेन

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांत तीन पोकलेन बघून आलो. जाताना पारोळा, मग धुळ्यावरून शिरपूर, येताना चोपडा. तिन्ही मशीन डिस्प्लेवर बिघाडाचा कोड दाखवून उभी होती. तिन्ही मालकांनी मला फोन करायच्या आधी सेन्सरचा भाव काढून ठेवला होता, एकाने तर बदलूनही टाकला होता. पावसाआधीचे हे दोन महिने शेततळ्यांचे, नाल्यांचे, विहिरींचे. मशीन उभं राहिलं तरी बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. मीटर घेऊन मशीनच्या वायरिंगचे बिघाड शोधायला निघणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट वेळेची. जळगाव-धुळे सुमारे 90 किलोमीटर आहे आणि रस्ता चांगला आहे, पण पहाटे पाचलाच निघा. अकरानंतर मशीनच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि तापलेल्या इंजिनावर मोजलेला आकडा सकाळच्या आकड्याशी जुळत नाही. सर्किट डायग्राम घरीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला रेंजच्या भरवशावर राहू नका.

पारोळ्याच्या अलीकडे कपाशीच्या रानात शेततळ्याचं काम होतं. ऑपरेटर अहिराणी बोलणारा माणूस. गाडीतून उतरतोय तोच म्हणाला, "भाऊ, तीन दिनपासून उभं शे." कोड होता एसपीएन 110, एफएमआय 3. पहिला आकडा सांगतो कुठलं सर्किट, म्हणजे इथे कूलंटचं तापमान. दुसरा सांगतो बिघाड कसा : 3 म्हणजे व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी, 5 म्हणजे करंटच वाहत नाही. कोडमध्ये "सेन्सर खराब" असं कुठेही लिहिलेलं नसतं. मालकांनी मात्र नवा सेन्सर बसवला होता आणि कोड जसाच्या तसा होता.

हा दोन वायरचा सेन्सर. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एका वायरवर 5 व्होल्ट देतो, दुसरी वायर परतीची. कनेक्टर काढला, चावी ऑन केली. सिग्नलच्या पिनपासून इंजिनाच्या अर्थिंगपर्यंत बरोबर 5 व्होल्ट. मग मीटरच्या दोन्ही पिना कनेक्टरच्याच दोन पिनांवर लावल्या, तर शून्य. म्हणजे सिग्नलची वायर शाबूत, परतीची तुटलेली. हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, जाळीदार नळी हाताने चाचपत मागे गेलो. इंजिनाच्या मागच्या ब्रॅकेटपाशी नळी मऊ लागली. उघडली तर आत कापसाचे बोळे, उंदराचं घर, आणि एक वायर दातांनी सोललेली, तांबं हिरवं पडलेलं. अर्ध्या तासाचं काम होतं. जुना सेन्सर परत लावून पाहिला, तोही ठीक निघाला. मालकांचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं, कारण लावलेला सेन्सर दुकानदार परत घेत नाही.

शिरपूरला पोहोचेपर्यंत दुपार झाली. धुळ्यात शेवभाजी खाऊन घ्या, पुढे सोनगीर-नरडाण्याला थांबत बसू नका. नाले रुंद-खोल करून पाणी जिरवण्याचा शिरपूर पॅटर्न याच तालुक्यातला, त्यामुळे इथल्या लोकांना पोकलेन नवं नाही. तरी या मशीनने सगळ्यांना घाबरवलं होतं. ऑइल प्रेशर, बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचं) आणि रेल प्रेशर (डिझेलच्या नळीतलं) असे तीन कोड एकदम, तिन्हींना एफएमआय 4. "इंजिन बसलं," असं कुणीतरी सांगून गेलं होतं.

इथे थांबून एक महत्त्वाचं सांगतो. ऑइल प्रेशरच्या कोडमध्ये एफएमआय 1 आला तर ते वायरिंगचं दुखणं समजू नका. प्रेशर खरंच उतरलं असेल, इंजिन लगेच बंद करा. 4 आला तर विजेचा संशय घ्यायचा, पण डिपस्टिक पाहून आणि साधं प्रेशर गेज लावूनच. आम्ही तेच केलं. गेजवर प्रेशर उत्तम होतं.

तीन कोड एकदम आले की तिघांत सामाईक काय, हे आधी शोधायचं. अशा तीन वायरच्या सेन्सरांना 5 व्होल्टचा पुरवठा बहुधा एकाच लाइनवरून असतो. त्या लाइनवर मीटर लावलं तर एक व्होल्टही भरत नव्हतं. मीटर तसंच धरून हेल्परला एकेक कनेक्टर काढायला सांगितलं. बूस्टचा काढला, काही नाही. रेलचा काढला, काही नाही. ऑइल प्रेशरचा काढला आणि काटा नसलेल्या त्या डिजिटल मीटरवर आकडा टपकन 5.0 वर गेला. त्या सेन्सरच्या आत ऑइल शिरून शॉर्ट झाला होता आणि बाकी दोघांचा पुरवठाही तोच खात होता. सेन्सर एकच बदलला, तीनही कोड गेले. सेन्सर कधीच जात नाही असं माझं म्हणणं नाही. मोजून ठरवा एवढंच.

वायर टोचून मोजू नका. बारीक टाचणीसारखी पिन कनेक्टरच्या मागून सरकवा, नाहीतर पहिल्याच पावसात त्या भोकातून पाणी जातं. ओहम, म्हणजे वायरीचा रोध, मोजताना बॅटरीचा मास्टर स्विच बंद हवाच. आणि कोड पुसण्याआधी डिस्प्लेचा फोटो काढा. मालक घाईत कोड पुसून टाकतात, मग आपण अंधारात.

तिसऱ्या दिवशी चोपड्याजवळच्या खदानीवर. इथे त्रास फक्त दुपारी : मशीन चालता चालता आरपीएम उतरायचे, संपर्क तुटल्याचा कोड यायचा, गार झालं की गायब. मशीनमधले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन वायरींमध्ये मास्टर बंद करून मोजलं तर 60 ओहम, म्हणजे दोन्ही टोकांचे समांतर जोडलेले 120-120 चे रेझिस्टर जागेवर. गार मशीनवरच्या या एकाच आकड्यावर थांबलो असतो तर इथेच फसलो असतो. दुपारी दोनपर्यंत लिंबाखाली बसलो, कोड येताच बंद करून पुन्हा मोजलं : 120. एका टोकाचा रेझिस्टर लाइनमधून सुटत होता. केबिनमागच्या कनेक्टरमधली एक पिन सैल, खदानीच्या हादऱ्याने पसरलेली. पिन बदलली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, हार्नेसला क्लिप लावून आधार दिला.

ऑपरेटरने उन्हात दोन तास दगड फोडायचा ब्रेकर चालवला, कोड आला नाही. निघण्याआधी पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, कोड आणि पिनचा नंबर लिहिला. तुम्हीही लिहा, पुढच्या वेळी तिथे दुसराच कुणी मीटर घेऊन उभा असेल. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली तेव्हा साडेसात वाजले होते.