तुम्ही विचारलंत म्हणून : मराठी वर्ग नसलेल्या शाळेचा माजी विद्यार्थी संघ

लग्नकार्यात, इथे बडोद्यात सूरसागर तलावाच्या काठी फिरताना किंवा फोनवर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "तुमच्या शाळेतले मराठी वर्ग केव्हाच बंद झाले, तुमची स्वतःची मुलेही तिथे शिकली नाहीत, मग माजी विद्यार्थी संघाचा हा खटाटोप कोणासाठी?" संघाचा कार्यवाह या नात्याने मी दर वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेत आलो आहे. आता तुम्हीही विचारलेत, तेव्हा नीट लिहितो.

प्रश्नातला आरोप खरा आहे. दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील ज्या घरांतून आम्ही चालत शाळेत जात असू, त्या घरांतील नातवंडे आज इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढतात आणि आमच्या वर्गखोल्यांत गुजराती माध्यमाची मुले बसतात. पहिली काही वर्षे आमचा संघ या बदलाकडे पाठ फिरवूनच चालला. वर्षातून एक स्नेहमेळावा, निवृत्त शिक्षकांना शाल-श्रीफळ, श्रीखंड-पुरीचे जेवण आणि 'आमच्या वेळची शाळा' या विषयावरील तीच ती भाषणे. मेळावा रविवारी असल्यामुळे शाळेत त्या दिवशी एकही विद्यार्थी नसे, आणि याचे कोणाला काही वाटतही नसे, मलाही नाही.

डोळे उघडले ते पाण्याच्या कूलरमुळे. आमच्या तुकडीने वर्गणी काढून तो शाळेला भेट दिला, त्यावर तुकडीच्या वर्षाची पितळी पाटी लावली आणि पाटीसह छायाचित्रे काढली. दीड वर्षाने सहज गेलो, तर कूलर बंद पडलेला आणि त्यावर वह्यांचे गठ्ठे रचलेले. फिल्टर कोणी बदलायचा, विजेचे वाढीव बिल कोणी भरायचे, याचा आम्ही विचार केला नव्हता. मुख्याध्यापिकाबाई गुजरातीत, अगदी सौजन्याने, एवढेच म्हणाल्या की आणण्यापूर्वी एकदा विचारले असते तर बरे झाले असते.

तेव्हा प्रथमच विचारले. बाईंनी इमारत, रंगकाम, संगणक यांपैकी काहीही मागितले नाही. त्यांची चिंता आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलांची होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला, हे आम्ही बडोदेकर कोणत्याही भाषणात सांगितल्याशिवाय राहत नाही. देशाचा शिक्षण हक्क कायदा त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २००९ मध्ये झाला, हेही आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच आहे, आणि आमच्या शाळेतील गळती नेमकी त्यापुढच्या पायरीवर होते, हे आमच्या एकाही वक्त्याच्या ध्यानात आले नव्हते. नववीत गेलेल्या मुलाला रिक्षाचे भाडे, वह्या आणि गणिताची शिकवणी लागते. तेवढ्यासाठी ते मूल एखाद्या दुकानात कामाला लागते. संघाचा बहुतेक पैसा आता याच तीन गोष्टींवर जातो, आणि यांपैकी कशावरही पितळी पाटी लावता येत नसल्यामुळे देणगी मागताना फार बोलावे लागते.

पैशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरे गैरसमज तिथेच आहेत. विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी झाली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला दरवर्षी तपासलेला हिशेब द्यावा लागतो. २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर दात्याला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, म्हणून मेळाव्यात कोणी पाकीट पुढे केले की मी धनादेश मागतो आणि रुक्ष ठरतो. सर्वांत मोठा वाद झाला तो न्यू जर्सीतील एका वर्गमित्राशी. तो पूर्वी भारतीय पासपोर्टवर तिकडे राहत होता, तोपर्यंत त्याच्या कमाईतील देणगी ही कायद्याने विदेशी देणगी नव्हती. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर मात्र तीच रक्कम विदेशी ठरते, मग हातात ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारे परदेशस्थ नागरिकाचे ओळखपत्र) असो वा नसो. ती स्वीकारण्यासाठी २०१० च्या विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. आमच्या एवढ्याशा संघाला हे झेपणारे नव्हते. "माझ्याच शाळेला माझेच पैसे चालत नाहीत का?" म्हणून तो सहा महिने रुसला. शेवटी त्याने वेळ देऊ केला. शनिवारी सकाळची शाळा असते. आपल्याकडे आठ वाजता त्याच्याकडे शुक्रवारची रात्र असते, आणि तो नववीच्या मुलांशी अर्धा तास इंग्रजीत बोलतो. हा उपक्रम मला सुचला असता तर मी त्याचे श्रेय घेतले असते.

याशिवाय शाळेची जुनी जनरल रजिस्टरे वाळवीपासून वाचवून त्यांची छायाप्रत करण्याचे काम चालू आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत, नावातील एक अक्षर, जन्मतारखेतील एक आकडा यांसाठी सत्तरीतील माणसेही शाळेच्या पायऱ्या चढतात. याच बडोद्यात शिकलेल्या विनोबांनी आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली होती. आमच्या सभासदांत तेवढे वैराग्य आढळत नाही, आणि मराठी शाळेशी त्यांचा उरलेला एकमेव व्यवहार पुष्कळदा हा दाखलाच असतो. त्या निमित्ताने आलेल्या माणसाला मी नववीच्या वर्गासमोरून नेतो. काही जण सभासद होतात, काही नुसतेच दाखला घेऊन जातात.

तेव्हा हा खटाटोप कोणासाठी, तर त्या वर्गात आज जी मुले बसली आहेत त्यांच्यासाठी. ती घरी कोणती भाषा बोलतात, हे आम्ही विचारत नाही. सगळ्यांना हे पटलेले नाही. मेळाव्याचा खर्च पुन्हा वाढवावा, असा ठराव यंदाच्या सर्वसाधारण सभेतही येणार आहे. मी त्याच्या विरोधात मत देणार आहे, आणि श्रीखंडासाठी मात्र थांबणार आहे.