मिग-21 बिस, 1/48 : रेझिन कॉकपिट अखेर बसलं

ग्वाल्हेरचा माणूस आणि मिराज सोडून मिग-21 या लढाऊ विमानाचं मॉडेल (1/48, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) का करतोय, असं दोघातिघांनी विचारलं. मिराज 1985 मध्ये इथे महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर आली आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून तीच बघत मी मोठा झालो, हे खरंच आहे. पण 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला, तो सोहळा मी टीव्हीवर पाहिला आणि त्याच रात्री कपाटावरून एडुआर्ड कंपनीचं, मिग-21 च्या बिस या आवृत्तीचं प्लास्टिक किट खाली काढलं. 1963 मध्ये हवाई दलात आलेलं विमान बासष्ट वर्षं उडलं. बिस तर आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधली गेली. मिराज पुढच्या वर्षी करेन.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर प्रश्न येणार नाहीत. शेवटी निवृत्त झाली ती बायसन, म्हणजे सुधारलेली बिस. तिच्या कॉकपिटमधल्या पॅनेलवर स्क्रीन आला होता. माझा रेझिन सेट (किटमधल्याऐवजी लावायला वेगळं घेतलेलं, रेझिनमध्ये ओतलेलं कॉकपिट) जुन्या, सगळ्या गोल घड्याळांच्या पॅनेलचा आहे, म्हणून मी बायसन न करता त्याआधीची बिस करतोय. सेट घेताना हे बघून घ्या. बायसनच्या डिकल (बाहेरची चिकटवायची चिन्हं) लावून आत जुनं पॅनेल ठेवलं, तर जाणकाराच्या नजरेत ते लगेच येतं.

कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, उघडी ठेवणार आहे. बिसची कॅनॉपी उजव्या बाजूला बिजागरीवर उघडते, त्यामुळे डावीकडून बघणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. किटमधलं कॉकपिटही चांगलंच आहे, पण रेझिनमध्ये बाजूच्या पेटीवरचा एकेक खटका वेगळा उठून येतो. एकदा ते पाहिलं की मागे फिरावंसं वाटत नाही.

आता मुख्य काम. रेझिनचा टब, म्हणजे कॉकपिटचा तळ आणि बाजू असलेला भाग, किटमध्ये सरळ बसत नाही आणि मग आपण सेट बनवणाऱ्याला नावं ठेवतो. मीही आधी तेच केलं. नंतर कॅलिपर लावला तर किटच्या फ्युजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची, भिंत 1.3 मिलिमीटर भरली. 48 ने गुणलं की सहा सेंटिमीटरच्या वर जाते! खऱ्या विमानाचा पत्रा तेवढा जाड कुठे असतो? टब खऱ्या मापाच्या जवळचा असेल, तर त्याला लागणारी जागा किटच्या भिंतीनेच खाल्लेली असते. शिवाय मिगमध्ये नाकातून शिरलेली हवा कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी मागे इंजिनाकडे जाते, म्हणजे आत आधीच दाटी. माझं मत पक्कं झालंय ते एवढंच : घासायची ती भिंत, टबाच्या बाजू नाहीत. टबाच्या कडा घासल्या की पेट्या अरुंद होतात आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच हातातून जातं.

पहिले दोन रविवार पोअर ब्लॉक, म्हणजे ओतताना भागाला चिकटून राहिलेला रेझिनचा ठोकळा, कापण्यात गेले. माझी रेझर सॉ जाड पडत होती, म्हणून सराफ्यात ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी कमानीची करवत हातात दिली, पात्यावर मेण फिरवलं आणि म्हणाले, "अरे, ढकलू नकोस. ओढ. पातं आपणहून कापतं." पात्याचे दात मुठीकडे वळलेले असतात, म्हणून ओढतानाच काप पडतो. सीटच्या पाठीमागचा ब्लॉक पंधरा मिनिटांत सुटला आणि एक कपचीही उडाली नाही. दोन डझन पाती घेऊन आलो.

रेझिन कोरडं घासू नका. ती धूळ फुफ्फुसाला वाईट. मी ताटलीत पाणी घेऊन पॉलिश पेपरवर ओलंच घासतो, आणि वर मास्क लावतो. टबाचा तळ मात्र घासावाच लागतो, कारण पोअर ब्लॉकचा उरलेला थर तिथेच असतो. तो इतका पातळ केला की दिव्यासमोर धरल्यावर बोटाची सावली आरपार दिसायला लागली. तिथे थांबलो.

उजवी पेटी वाकडी आली होती. 65–70 अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवली की रेझिन नरम पडतं. सपाट काचेवर हलकेच दाबायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. आईने स्वयंपाकातलं पातेलं द्यायला साफ नकार दिला, आणि ते बरोबरच आहे. या कामाचं भांडं वेगळं ठेवा.

भिंत पातळ करायला दातांच्या डॉक्टरांकडून वापरलेले, निर्जंतुक केलेले बर (ड्रिलला लावायची घासणारी टोकं) मिळाले. गोल डोक्याचा बर हळू वेगावर ठेवायचा, नाहीतर प्लास्टिक वितळून बरालाच चिकटतं. आधी टबाची कड पेन्सिलने आतून आखून घेतली. मग थोडं घासायचं आणि बाहेरून मोबाईलचा टॉर्च लावून बघायचं. जाड जागा काळी राहते. पातळ होत गेली की करड्या प्लास्टिकमधून पिवळसर उजेड यायला लागतो आणि बराचे ओरखडे पानावरच्या शिरांसारखे दिसतात. सगळीकडे सारखा उजेड आला की अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पोहोचलो, असं समजायचं.

डाव्या भिंतीला, विंडस्क्रीनच्या बरोबर खाली, मी टॉर्च न लावता आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि भोक पडलं. मोहरीएवढं. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी आतून पातळ प्लास्टिकची पट्टी लावली, बाहेरून सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवून भरलं आणि अर्ध्या तासात घासून घेतलं. ही घाई मुद्दाम करायची, कारण रात्रभर ठेवलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिकच खाली जातं. पुसलेली पॅनेलची रेघ सुईने पुन्हा कोरली. प्रायमरखाली आता जागा सापडत नाही.

यानंतर टब दोन्ही भिंतींमध्ये बसला, फ्युजलाजची फट मिटली, आणि तरी विंडस्क्रीन टेकेना. पुढून अगदी केसभर उचललेली राहत होती. पॅनेलवरच्या छपराला कुठे लागतंय ते बाहेरून कळत नव्हतं. मग छपरावर मुलांच्या मऊ क्लेच्या तीन बारीक गोळ्या ठेवल्या, विंडस्क्रीन दाबून बसवली आणि उचलून पाहिलं. मागच्या दोन गोळ्या जाडच होत्या, पुढची कागदासारखी चपटी झालेली. म्हणजे टब मागे नीट बसला होता आणि पुढे उंच होता. छपराला हात न लावता टबाच्या तळाचं पुढचं टोक आणखी चार वेळा घासलं. पाचव्या वेळी तिन्ही गोळ्या सारख्या निघाल्या.

विंडस्क्रीन सगळ्यात शेवटी चिकटते, पण माप पहिल्या दिवसापासून तिच्याशी लावत राहा. हे मला आधी कळलं असतं तर एक आठवडा वाचला असता.

रंग दुपारी गच्चीवर केला. सध्या सकाळी धुकं असतं, हवेत ओल असते आणि लॅकर पांढरं पडतं. आतला फिरोजी दोन थरांत, वरून तेलरंगाचा पातळ गडद तपकिरी वॉश, मग कडांवर उजळ फिरोजीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात). पॅनेल काळं. त्याच्या मधोमध खाली जाणारी पांढरी उभी रेघ विसरू नका. विमान गिरकीत सापडलं तर वैमानिकाने स्टिक त्या रेघेवर आणायची, त्यासाठी ती असते. मी ब्रशने तीनदा ओढली, तिन्ही वेळा जाड आली. शेवटी जुन्या डिकल शीटवरची पांढरी पट्टी कापून लावली. तेवढ्या एका रेघेने पॅनेलला जीव आला. घड्याळांवर ग्लॉस वार्निशचा एकेक थेंब टाकला, तो काचेसारखा दिसतो.

केएम-1 ही इजेक्शन सीट गजकेच्या रिकाम्या डब्यात प्रायमर लावून ठेवली आहे. गुडघ्यांमधल्या लाल मुठी अजून रंगवायच्या आहेत. लाल आधी लावायचा की वॉशनंतर, यावर तुमचा अनुभव सांगा. संक्रांतीच्या आधी फ्युजलाज चिकटवून टाकणार आहे. टब जागेवर धरायला मी एपॉक्सी घेतलंय, कारण प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला धरत नाही आणि सुपरग्लू टेकताच पकडतो, सरकवायला वेळच देत नाही.