रिलेला डायोड कुठला लावायचा

पुतण्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री त्याचा फोन, काका रिलेच्या कॉइलला ४००७ लावू की ४१४८, सर एक सांगतात, मित्र दुसरंच. हे दोन्ही डायोडचे नंबर. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, आणि रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच. अर्धा तास बोललो तरी मन भरलं नाही म्हणून इथे लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा सांगायला जवळ कोणी नव्हतं.

माझं पहिलं सर्किट गच्चीवरच्या टाकीचं. टाकी भरली की मोटर बंद, बस एवढंच. १२ व्होल्टचा शुगर क्यूब (छोटा चौकोनी) रिले, तो चालवायला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, आणि डायोड लावलाच नव्हता. तीन दिवस मस्त चाललं. चौथ्या दिवशी सकाळी टाकी भरून वाहतेय, पाणी जिन्यावरून खाली येतंय, आई हाका मारतेय आणि रिले काही केल्या सुटत नाही. बोर्ड काढला, मल्टिमीटरची टोकं ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरला लावली तर सलग बीप. ट्रान्झिस्टर शॉर्ट, म्हणजे कायमचा ऑन.

कॉइलमधला करंट एकदम तोडला तर कॉइल तो तसाच पुढे रेटत राहते, वाट मिळाली नाही की व्होल्टेज चढत जातं, अगदी शेकडो व्होल्ट (हाच स्पाइक), आणि ५४७ ची हद्द ४५ व्होल्टची. प्रत्येक वेळी रिले बंद होताना तो बिचारा मार खात होता.

आता निवडीचं. बऱ्याच जणांना वाटतं, स्पाइक शेकडो व्होल्टचा म्हणजे डायोडही १००० व्होल्टचाच हवा. तसं नाहीये. कॉइलच्या दोन टोकांना लावलेला डायोड करंटला वाट करून देतो म्हणून स्पाइक तयारच होत नाही, आणि रिले चालू असताना त्याच्यावर उलटं व्होल्टेज येतं ते फक्त सप्लायचं, म्हणजे १२. करंटही कॉइलमध्ये होता तेवढाच, त्याहून जास्त नाही. माझी कॉइल ४०० ओहमची, १२ भागिले ४०० म्हणजे ३० मिलिअँप. इथे ४००१, ४००७, ४१४८ तिन्ही चालतात! मी ४००७ लावतो, कारण तो खणात कायम पडलेला असतो, पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि १ अँपचा असल्यामुळे उद्या गाडीतला रिले आला, ज्याची कॉइल साधारण १४० मिलिअँप घेते, तरी विचार करावा लागत नाही. ४१४८ फास्ट आहे हे खरं, पण ४००७ हळू आहे तो बंद होताना, चालू होताना नाही, आणि कॉइलला पीडब्ल्यूएम (झपाट्याने सतत चालू-बंद) देत नसाल तर त्याने काही बिघडत नाही.

डायोडवरची पट्टी मात्र नीट बघा. चंदेरी पट्टीची बाजू प्लसला. उलटा बसला तर ट्रान्झिस्टर ऑन झाल्या झाल्या सप्लाय सरळ शॉर्ट.

पण डायोड लावला की रिले उशिरा सुटतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. करंट डायोडमधून गोल फिरत हळूहळू मरतो, त्यामुळे एक-दोन मिलिसेकंदात सुटणारा रिले दहाच्या आसपास घेऊ शकतो आणि काँटॅक्टही (रिलेतल्या स्विचची टोकं) सावकाश उघडतात. बल्ब असेल तर कळतही नाही, पण मोटर असेल तर काँटॅक्टवर ठिणगी जास्त वेळ राहते, ते जळतात, कधी चिकटतात. अशा वेळी ४००७ च्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलटाही वाहू देणारा डायोड) टाकायचा, डायोडच्या उलट दिशेने. मग ट्रान्झिस्टरवर १२ अधिक २४ अधिक डायोडचे ०.७, साधारण ३७ व्होल्ट येतात, ४५ च्या आत, आणि रिले पटकन सुटतो. माझ्या टाकीच्या बोर्डावर आता हेच आहे, आणि मोटर रिलेवर नाही, मध्ये काँटॅक्टर (मोठ्या करंटसाठीचा रिलेच) आहे. त्या काँटॅक्टरची कॉइल २३० व्होल्ट एसीची, तिला डायोड अजिबात लावायचा नाही, अर्ध्या सायकलला शॉर्ट होईल. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स २ (मेन्सवर लावायला चालणारा) कॅपॅसिटर सिरीजमध्ये, कॉइलच्या दोन टोकांना.

आज पुतण्याने बोर्डाचा फोटो पाठवला. बघतो तर त्याने ट्रान्झिस्टर नाही, यूएलएन २००३ ही रिले चालवायची तयार आयसी वापरलीय, जिच्या पोटात डायोड आधीच असतात, फक्त ९ नंबरची पिन मोकळी सोडली होती. म्हटलं, ती रिलेच्या १२ व्होल्टला जोड, मग बाहेरून डायोड लावायला नको.