फेरीबोटीचा खेळ: यंत्रापासून काय लपवायचं

माणूस आणि संगणक मिळून वाट कशी आखतात, हे तपासायला रोबोट विकत घ्यावा लागत नाही. गोव्यातली मांडवी नदी, तिच्या एका तीरावरच्या रायबंदरहून पलीकडच्या चोडणला निघालेली फेरीबोट आणि आडव्या जाणाऱ्या बार्ज (मालवाहू सपाट बोटी) एवढं स्क्रीनवर आणलं तरी पुरे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यात खेळ बनवायचं पायगेम, एवढ्यात हे जमतं.

पाणी षट्कोनी घरांत विभागा, साधारण ८० बाय ५०. चौकोनी घरांत तिरकी चाल १.४१ पट अंतर कापते पण वेळ एकाच चालीचा खाते. पोरं ही चोरवाट लगेच हुडकतात. षट्कोनात सहाही दिशा सारख्या. सातवी चाल ‘थांबा’. बार्ज हलत्या असल्याने नुसत्या नकाशावर ए-स्टार (सगळ्यात कमी खर्चाची वाट शोधायची १९६८ची पद्धत, अजून खणखणीत) चालवून भागत नाही. काळही जोडा: अर्ध्या सेकंदाचे १०० टप्पे, म्हणजे चार लाख स्थिती. बार्जभोवती फेरीबोटीच्या अर्ध्या लांबीएवढी घरं बंद धरा, नाहीतर बोटीचा मध्य सुटतो आणि टोक घासतं.

कामाची वाटणी अशी ठेवा. खेळाडू बोटाने एकच रेघ ओढतो. तिच्यातून कुठल्या बार्जच्या पुढून जायचं आणि कुठल्या मागून, एवढंच घ्यायचं. चार बार्ज असतील तर असे १६ पर्याय. कधी थांबायचं, कधी सुटायचं हे यंत्राने ठरवायचं.

आता खरी गोम. यंत्राला सगळं दिसत असेल तर माणूस फक्त लुडबुड करतो, आणि तुमचा प्रयोग एवढंच सिद्ध करतो. म्हणून काही गोष्टी खेळाडूला दिसाव्यात, यंत्राला नाही: वल्हवत आलेली होडी, ओहोटीत उघडी पडलेली रेती. आणि तुलना नुसत्या एकट्या माणसाशी नको. जोडीने दोघांपैकी जो एकटा सरस ठरेल त्याला हरवलं, तरच सहकार्य म्हणायचं. त्यासाठी तीच फेरी, त्याच बार्जांसह, यंत्राकडून एकट्यानेही खेळवून घ्या.

सगळ्यात जास्त त्रास देते ती डुलणारी वाट. पुढून आणि मागून जायला जवळपास सारखाच वेळ लागत असेल, तर बार्ज जरा सरकली की सुचवलेली रेघ एका बाजूची दुसऱ्या बाजूला उडी मारते. खेळाडूला वाटतं यंत्र गोंधळलंय, आणि तो सुकाणू हिसकावतो. हिशोब अचूक असूनही विश्वास जातो. उपाय: नवी वाट निदान १० टक्के वेळ वाचवत असेल तरच बदला, जुनी वाट बंदच पडली तर मात्र लगेच बदला आणि रंगाने कळवा. हा आकडा ०, १० आणि २५ असा बदलत ठेवला तर तोच अभ्यासाचा विषय होतो.

नोंद फक्त गुणांची ठेवणं म्हणजे निम्मी माहिती फेकणं. दर १०० मिलिसेकंदाला बोटीची जागा, सुचवलेली वाट, खेळाडूचं बोट आणि ताबा कोणाकडे, हे लिहून घ्या. ताबा हिसकावण्याआधीचे दोन-तीन सेकंद पुन्हा पुन्हा बघा.

एकटा माणूस, एकटं यंत्र, जोडी: खेळाडूसमोर हे तीन प्रकार सहा क्रमांनी येऊ शकतात, म्हणून खेळाडू सहाच्या पटीत घ्या. नकाशा पाठ होऊ नये म्हणून काही फेऱ्यांत तो आरशासारखा उलटा करा, पण तेव्हा धक्क्यांची नावं काढून टाका. चोडण भलत्या तीरावर दिसलं की पणजीकर खेळायचं सोडून हुज्जत घालतो.